आभाळी हूक : दुसरी पातळी

आमच्या क्लेदरशॉ गावच्या शाळेने ज्या वर्षी धातुकामाची खोली बंद केली, त्याच वर्षी मुलांना कामधंद्यासाठी तयार करणारा विभाग सुरू केला. खोली तीच. लेथ आणि ड्रिल मशीन भंगारवाल्याने नेली आणि त्यांच्या जागी पोत्यासारख्या मऊ खुर्च्या आल्या. त्यांत माणूस एकदा रुतला की कामाला उठण्याची वासना राहत नाही. दारावर ‘भविष्य-सज्जता कक्ष’ अशी पाटी लागली. त्या खोलीत मी अर्धं आयुष्य पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं होतं. निवृत्तीनंतर शाळेने मला नियामक मंडळावर घेतलं. आधीच ठरून गेलेल्या गोष्टी ज्यांना वाचून दाखवतात आणि वर बिस्किटं देतात, त्यांना नियामक मंडळ म्हणतात.

कक्षाचे प्रमुख जस्टिन फॅरो. दक्षिणेतून आलेले, चाळिशीच्या आतले, सुटाखाली पांढरे पळायचे बूट. यापूर्वी त्यांनी एका बिस्किट कंपनीला, एका तुरुंगाला आणि एका बिशपला बदलत्या काळाबद्दल सल्ला दिला होता. तिघांनीही तो मनावर घेतला असावा, कारण कंपनी बंद पडली, तुरुंग भरून वाहू लागला आणि बिशपनी मधमाश्या पाळल्या. माणूस मात्र गोड. समोरचा काहीही बोलत असला तरी अशी मान हलवायचे की त्याला वाटावं, आपण काहीतरी शहाणपणाचं बोलून गेलो.

त्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलांत केरा एन्टविसल होती. तिला एकच गोष्ट हवी होती : थ्रेलफॉल पंप वर्क्समध्ये शिकाऊ फिटरची जागा. बाकीच्या मुलांना आपल्याला काय हवंय ते सांगता येत नव्हतं, आणि कक्षाच्या मते ते चांगलं लक्षण होतं. त्याला तिथे लवचिकता म्हणत. केराला नेमकं सांगता येत होतं, म्हणून तिची सगळ्यांना काळजी वाटे.

थ्रेलफॉलकडे कित्येक वर्षांत नवा शिकाऊ घेतला नव्हता. यंदा मालकीण मिसेस थ्रेलफॉल यांनी जागा काढली. एकच. चार दिवस कारखाना, एक दिवस कॉलेज, पगार पहिल्या आठवड्यापासून, आणि शेवटी हातात असा धंदा की जगाला पाणी वर चढवायची गरज आहे तोवर पोटाची चिंता नाही. ही जागा हुकली तर केरापुढे हमरस्त्यालगतचं गोदाम होतं. तिथे मनगटाला यंत्र बांधतात आणि तुम्ही संडासात किती वेळ बसलात ते यंत्र परस्पर वर कळवतं. केराची आई डॉन वृद्धाश्रमात काम करते. ती मला एकदा बाजारात म्हणाली होती, “सर, माझी पोरगी काहीही होऊ दे. पण मरायला टेकलेल्यांच्या लघवीची नोंद मी ठेवते, तशी तिची कुणी आत्तापासून ठेवायला नको.”

केरा थ्रेलफॉलकडे आधी एकदा आठवडाभर जाऊन आली होती. आमच्याकडे सगळ्याच शाळकरी मुलांना आठवडाभर कुठेतरी काम बघायला धाडतात. बहुतेकांना काम दिसत नाही, फक्त चहाची किटली दिसते. थ्रेलफॉलचा फोरमन व्हर्नन हॅलिवेल. बुटका, रुंद, कानात केस, आणि चेहरा असा की त्यावरून आत हसू चाललंय की पोटशूळ उठलाय ते कळू नये. त्याने रीतीप्रमाणे पहिल्याच सकाळी केराला सांगितलं, “पोरी, स्टोअरमध्ये जा आणि आभाळी हूक घेऊन ये. मोठा आण.”

आभाळी हूक वरच्या टोकाने आभाळाला अडकवायचा आणि खालच्या टोकाला ओझं टांगायचं. तो आणायला नव्या पोराला पाठवायचं. स्टोअरवाला त्याला हार्डवेअरच्या दुकानात धाडतो, दुकानवाली लाकडाच्या वखारीत, वखारवाला रंगवाल्याकडे. दुपारी पोर लाल कानांनी, रिकाम्या हातांनी परत येतं, सगळे पोट धरून हसतात, कुणीतरी चहाचा मग पुढे करतं, आणि तो चहा प्यायला की ते पोर आपलं झालं. व्हर्नन स्वतः त्याच्या काळी बादलीभर वाफ आणायला गेला होता. मी गेलो होतो चौकड्यांचा रंग आणायला, जो ब्रशने ओढला की भिंतीवर आपोआप चौकड्या उमटतात. ही थट्टा कुणी मधेच फोडत नाही. आमच्या गावात बायको सोडलेल्या माणसाला पबमध्ये जागा मिळते, थट्टा फोडणाऱ्याला मिळत नाही.

केरा गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. बोटांना व्हिनेगरचा वास.

“मिळाला?” व्हर्ननने विचारलं.

“मोठे संपलेत. लहान आहेत, पण तुम्ही मोठा म्हणालात. गुरुवारी येतील.”

“असं कुणी सांगितलं?”

“मासे-चिप्सच्या दुकानातल्या बाईंनी.”

“आणि तू व्हिनेगर घालून चिप्स खाल्लेस.”

“नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही ना, व्हर्नन.”

त्याच संध्याकाळी व्हर्ननने मालकिणीला सांगून टाकलं की जागा निघेल तेव्हा ही पोरगी घ्यायची. लेथ कुणालाही शिकवता येते, हे शिकवता येत नाही.

सगळं सुरळीत झालं असतं. पण फॅरोसाहेबांनी न्याहारी ठेवली.

गावातल्या धंदेवाल्यांना शाळेच्या हॉलमध्ये बेकन रोल आणि चहा. विषय : उद्याच्या कामगारात आज काय कमी आहे? बेकन रोल असला की आमचे धंदेवाले आत्म्याच्या अमरत्वावरही चर्चेला येतात, त्यामुळे हॉल भरला. फॅरो टेबलाटेबलावर फिरत आमच्या टेबलाशी आले आणि व्हर्ननकडे वाकून म्हणाले, “मिस्टर हॅलिवेल, तुम्ही इतकी वर्षं नवी मुलं बघताय. मनमोकळं सांगा. नेमकं काय येत नाही त्यांना?”

व्हर्ननच्या तोंडात रोल होता. त्याने तो सावकाश चावला, गिळला, चहाचा घोट घेतला.

“आभाळी हूक,” तो म्हणाला. “हातात दिला तर कुठलं टोक वर धरायचं तेही कळत नाही.”

फॅरोंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

त्यांनी लिहून घेतलेलं बघितल्यावर टेबलावरच्या बाकीच्यांना राहवेना. “चौकड्यांचा रंग,” रंगारी म्हणाला. “आडव्या रेघा जमतात पोरांना. उभ्यांना घाम फुटतो.”

“बादलीभर वाफ आणायला सांगा,” बॉयलरवाला म्हणाला. “आणतात. नाही असं नाही. पण वाटेत गप्पा मारतात आणि गार करून आणतात.”

“काचेचा हातोडा,” खिडक्या बसवणाऱ्या बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. “महिन्याला दोन फोडतात.”

कुणाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी रोलमध्ये तोंड खुपसलं.

“हे सोनं आहे,” फॅरो हळू आवाजात म्हणाले. “हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.”

नाताळच्या सुट्टीनंतर अभ्यासक्रम आला. आभाळी हूक, पहिली आणि दुसरी पातळी. वाहत्या वाफेची हाताळणी. बहुरंगी लेपन. खोलीत एकही हत्यार उरलेलं नसल्याने सगळं पडद्यावर होतं : चित्रातला हूक बोटाने ढकलून चित्रातल्या ढगापर्यंत न्यायचा, हूक बसला की घंटा वाजायची. मुलं खूष होती. घंटा वाजवण्यात आमची मुलं पहिल्यापासून हुशार. बाहेरून निरीक्षक आले, त्यांनीही एकदा घंटा वाजवून बघितली, आणि शाळा उद्योगाशी किती घट्ट जोडली गेली आहे याचं कौतुक करून गेले.

केराने मात्र वर्गात हात वर केला.

“सर, असं काही नसतं.”

“काय नसतं, केरा?”

“हूक. म्हणजे हूक असेल, पण तो अडकवायला वर काही नाहीये.”

फॅरो हसले. रागावणं त्यांना माहीतच नव्हतं, हीच त्यांच्याशी भांडणातली मोठी अडचण होती. “आज नाहीये, केरा. पण आपण इथे तयारी कशाची करतो?”

“भविष्याची,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“भविष्यात तरी आभाळाला खिळा कोण मारणार, सर?”

तिच्या निकालात लिहून आलं : दृष्टिकोन, उगवत्या तंत्राला विरोध. पातळी दोन, नापास. पुन्हा बसण्याची सोय पुढच्या वर्षी. आणि आमच्या मुख्याध्यापिका डॉ. स्टॅनिफोर्थ यांनी नियम असा केला होता, की शाळा फक्त पास मुलांचीच नावं कारखान्यांना कळवेल. नापास मुलं पाठवून शाळेने स्वतःचं नाव का खराब करावं?

हे केराने व्हर्ननला जाऊन सांगितलं. बरं, रडत नाही, शांतपणे सांगितलं, म्हणून त्याला जास्त लागलं.

“तुमच्या हुकापायी माझी जागा गेली,” ती म्हणाली. “आता हसा.”

व्हर्नन दुसऱ्या दिवशी रविवारचा कोट घालून शाळेत आला. मंडळाची बैठक चालू होती म्हणून मीही तिथे होतो. असा कोट त्याने यापूर्वी फक्त मर्तिकाला घातलेला मी पाहिला होता.

“बाई,” तो डॉ. स्टॅनिफोर्थना म्हणाला, “न्याहारीच्या दिवशी मी थट्टा केली होती.”

“कसली थट्टा?”

“हुकाची. असला हूक नसतो. पोरांची फिरकी घ्यायची एक रीत आहे आमच्यात.”

फॅरो आधीच मान हलवत होते. “आम्हाला याची अपेक्षा होती,” ते प्रेमाने म्हणाले. “जुन्या कारागिरांना आपलं कौशल्य हे कौशल्य वाटतच नाही. विचारलं की म्हणतात, त्यात काय आहे, काहीच नाही.”

“काहीच नाही असं मी म्हणत नाही. हूकच नाही म्हणतोय!”

“बघितलंत?” फॅरो बाईंकडे वळले. “अगदी हेच.”

“मिस्टर हॅलिवेल,” डॉ. स्टॅनिफोर्थ म्हणाल्या, “तुमच्या म्हणण्याला आणखी तिघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला होता.”

“स्वतंत्र कसले! माझ्याच टेबलाला बसून माझाच सॉस वापरत होते ते!”

“आणि शंभरातली नव्वदच्या वर मुलं पास झाली आहेत. जी गोष्ट नाहीच, तिच्यात इतकी मुलं पास होतील का?”

“तिच्यातच होतील, बाई. असलेल्या गोष्टीत एवढी कशी होतील?” व्हर्नन माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही तरी सांगा की यांना.”

मी सांगितलं. चांगलं उभं राहून, आवाज चढवून सांगितलं. इतिवृत्तात त्याची नोंद झाली : नियामक मंडळाने उपक्रमाबद्दल सखोल चर्चा केली व समाधान व्यक्त केले.

एवढ्यावर भागतं तर व्हर्ननने डोकं खाजवून दुसरी वाट काढली असती. मालकीण त्याच्या बाजूची होती, शाळेने नाव कळवलं नाही तरी परस्पर पोरीला घेता आलं असतं. पण जिल्ह्याच्या कौशल्य मंडळाने आमच्या शाळेचा अभ्यासक्रम उचलला. उद्योगांनी स्वतःहून मागितलेला अभ्यासक्रम म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. मग ओघानेच नियम आला : ज्या कारखान्याला शिकाऊ घ्यायचा आहे आणि त्यासाठी अनुदान हवं आहे, त्याच्याकडे चालू स्थितीतला किमान एक आभाळी हूक असला पाहिजे. तपासायला मंडळाच्या एक बाई येणार.

मिसेस थ्रेलफॉल या सत्तरीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी व्हर्ननला ऑफिसात बोलावलं.

“अनुदानाशिवाय मला शिकाऊ परवडत नाही, व्हर्नन.”

“माहीत आहे, बाई.”

“हुकाशिवाय अनुदान नाही.”

“हो, बाई.”

“मग जा,” त्या म्हणाल्या, “आणि आभाळी हूक घेऊन ये.”

आणि व्हर्नन हॅलिवेल, ज्याने गावातल्या निम्म्या बापांना आणि त्यांच्या मुलांना हूक आणायला पाठवलं होतं, तो टोपी घालून हूक आणायला निघाला.

हार्डवेअरच्या दुकानात शीला पिकप गल्ल्यावर होती.

“शीला, आभाळी हूक मिळेल का?”

“मोठा की लहान?”

“थट्टा नको गं. खरंच पाहिजे.”

“सगळे असंच म्हणतात, राजा,” शीला म्हणाली. चेहरा इस्त्री केल्यासारखा. “माझ्याकडचे संपले. वखारीत विचारून बघ.”

“मला मालकिणीने पाठवलंय!”

“मालकिणीनेच पाठवायचं असतं. वखारीत जा रे.”

वखारवाल्याने त्याला रंगवाल्याकडे पाठवलं. रंगवाल्याने विचारलं, “सोबत चौकड्यांचा रंग देऊ का एक डबा?” दुपारपर्यंत गावभर झालं, की म्हाताऱ्या व्हर्ननला कुणीतरी अखेर बनवला. लोक दुकानाच्या दारात येऊन उभे राहू लागले. व्हर्नन लाल कानांनी कारखान्याकडे परतला तेव्हा केरा फाटकाशेजारच्या भिंतीवर बसली होती.

“मिळाला?” तिने विचारलं.

“जीभ आवर, पोरी.”

“मोठे संपले असतील.”

व्हर्नन तिच्या शेजारी बसला. मग तो म्हणाला, “माझ्यामुळे झालं हे. मी आयुष्यात हजार वेळा केली ती थट्टा, पण लिहून घेणारा माणूस पहिल्यांदा भेटला.”

“चला, बनवूया,” केरा म्हणाली.

“काय बनवूया?”

“हूक.”

“नसलेली वस्तू कशी बनवणार?”

“त्यातच सोय आहे. चुकली तरी कुणाला कळणार?”

पण काम सुरू झालं आणि ही सोय तिनेच मोडीत काढली. शाळा सुटल्यावर ती कारखान्यात यायची. मिसेस थ्रेलफॉलना त्या वेळात नेमकं काही दिसायचं नाही. मी एकदा गेलो, तेव्हा मोडीत निघालेल्या पंपाच्या दांड्याचा तुकडा लेथवर फिरत होता, धातूचे कुरळे तुकडे खाली पडत होते, आणि व्हर्नन तिच्या कोपराशी उभा राहून ओरडत होता, “हळू! ते लोणी नाहीये!” खालचा हूक तयार होता, तोंडाला झडप लावलेला, ओझं निसटू नये म्हणून. मधे एक कडं, खरबरीत दातांचं, बोटाने फिरणारं.

“बास झालं,” व्हर्नन म्हणाला. “तपासणीला एवढं पुष्कळ आहे.”

“कडं डुगडुगतंय.”

“डुगडुगू दे. हा कुठे चढायचाय?”

“चढायचा नाही म्हणून डुगडुगायला पाहिजे का?” आणि तिने ते काढून पुन्हा लेथवर धरलं. दुसऱ्यांदा बिघडलं. तिसऱ्यांदा बसलं, आणि असं बसलं की फिरवताना आवाजही येईना. व्हर्ननने ते तीन-चारदा फिरवून बघितलं आणि चहा करायला गेला. त्याने स्वतः चहा केलेला मी तरी ऐकला नव्हता.

वरच्या टोकाचा प्रश्न राहिला. ते आभाळाला कसं अडकणार? पुष्कळ विचार करून केराने तिथे एक निमुळतं, आरशासारखं चकचकीत टोक काढलं, जे कशातच संपत नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, पुढचा भाग आपल्यालाच दिसत नाहीये.

तपासणीला कौशल्य मंडळाच्या मिस क्वेल आल्या; शाळेतर्फे मीही गेलो होतो. उंच, सर्दी झालेल्या, हातात पाटीसारखा पडदा. सोबत फॅरो होते, कारण आभाळी हूक प्रत्यक्षात बघायची संधी त्यांनाही अजून मिळाली नव्हती. हूक हिरव्या कापडावर ठेवला होता. मिस क्वेलनी तो उचलला, वजन बघितलं, कडं फिरवलं. फॅरो जवळ वाकले.

“सुंदर,” ते म्हणाले. “पडद्यावर हा इतका जड वाटत नाही.”

“आणि हा वर कसा जातो?” मिस क्वेलनी विचारलं.

मिसेस थ्रेलफॉल खिडकीबाहेर बघू लागल्या. व्हर्ननने स्वतःच्या बुटांत काहीतरी शोधायला सुरुवात केली. वर्षभराचं सगळं, अनुदान, जागा, गोदामातलं मनगटाचं यंत्र, त्या एका प्रश्नाला येऊन लटकलं होतं.

“आज नाही दाखवता येणार, मॅडम,” केरा म्हणाली. “ढग फार खाली आलेत. सुरक्षेच्या नियमात बसत नाही.”

आमच्या देशात राजाला नाही म्हणता येतं, पाद्र्याला नाही म्हणता येतं, सुरक्षेच्या नियमाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. मिस क्वेलच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली की सर्दीसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली.

“अर्थातच,” त्या म्हणाल्या. “धोक्याचा अंदाज घेतला आहे ना?”

“घेतलाय. म्हणूनच खाली ठेवलाय.”

“उत्तम. बाकी ठिकाणी एवढी काळजी घेत नाहीत.”

“बाकी ठिकाणी आहे का हूक?” व्हर्ननने न राहवून विचारलं.

“तुम्ही पहिलेच,” मिस क्वेल म्हणाल्या आणि पडद्यावर बोटाने खूण केली. मग केराकडे वळल्या. “हा बनवला कुणी?”

“मी.”

“म्हणजे तुम्हीच ती शिकाऊ. दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र असेलच तुमच्याकडे.”

“नाही. मी त्यात नापास आहे.”

मिस क्वेलनी हातातल्या हुकाकडे बघितलं, मग केराकडे, मग फॅरोंकडे. “हूक बनवणारी मुलगी हुकात नापास?”

मी फॅरोंना इतक्या जवळून अडचणीत पूर्वी बघितलं नव्हतं. ते अडचणीत आलेच नाहीत. त्यांची मान हलू लागली.

“केरा ही आमच्या कक्षाची सर्वांत प्रयोगशील विद्यार्थिनी,” ते म्हणाले. “तिला आम्ही मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलं होतं. नापास हा शब्द जुना झाला. ती पासच्या पलीकडे आहे.”

“मला पलीकडे नको, सर,” केरा म्हणाली. “अलीकडेच ठेवा. पास म्हणून लिहून द्या.”

“आता?”

“मॅडम आहेत तोवर.”

त्यांनी तिथेच, पंपाच्या झाकणावर कागद ठेवून लिहून दिलं. मिसेस थ्रेलफॉलनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, केराचे कागद पुढे ओढले आणि सही केली. व्हर्ननने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि मिस क्वेलची सर्दी लागली म्हणाला.

पण फॅरो जाता जाता थांबले. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

“केरा, तू कक्षात का येत नाहीस? प्रशिक्षक म्हणून. पगार इथल्यापेक्षा जास्त. हात स्वच्छ.”

“शिकवायचं काय?”

“हूक.”

“कुणाला?”

“पुढच्या मुलांना.”

“आणि ती शिकून काय करतील?”

फॅरोंनी मान हलवली. “चांगली निघाली तर प्रशिक्षक होतील.”

मला वाटलं, पोरगी हसेल. ती हसली नाही. जास्त पगार म्हणजे काय ते तिच्या घरात माहीत होतं. तिने एकदा लेथकडे बघितलं, एकदा स्वतःच्या काळ्या नखांकडे.

“नको, सर,” ती म्हणाली. “मला पंपच शिकायचाय. त्यातून पाणी येतं.”

सप्टेंबरात ती रुजू झाली. तिच्या वर्गातली, दुसऱ्या पातळीत विशेष प्रावीण्य मिळवलेली बरीच मुलं त्याच आठवड्यात गोदामात लागली. यंत्र मनगटाला बांधताना त्यांना कुणी हुकाबद्दल विचारलं नाही. आसपासच्या कारखान्यांना मात्र तपासणीआधी हूक लागू लागला, आणि मिसेस थ्रेलफॉल तो भाड्याने देऊ लागल्या. व्हॅनमधून जातो, संध्याकाळी परत येतो, ढग कायम खाली असतात. व्हर्नन म्हणतो, कारखान्यात इतक्या वर्षांत एवढं कमावणारं आणि एवढं कमी झिजणारं दुसरं काही बनलेलं नाही.

ऑक्टोबरात फॅरो नव्या मुलांची तुकडी घेऊन कारखाना दाखवायला आले. मी मंडळातर्फे सोबत होतो. केरा एका उघड्या पंपाखाली आडवी पडली होती, बाहेर फक्त बूट आणि एक हात, पान्हा धरलेला. मुलं तिच्याभोवती अर्धगोल करून उभी राहिली. फॅरोंनी हात जोडावेत तसे दोन्ही पंजे छातीशी घेतले.

“केरा,” ते म्हणाले, “ही सगळी मुलं भविष्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. तुझ्या अनुभवातून यांना एकच गोष्ट सांगायची असेल, तर काय सांगशील?”

पंपाखालून केराचा आवाज आला.

“तिथून सरका. तेल सांडलंय.”

मुलं पटापट सरकली. फॅरो तेवढे राहिले, कारण ते लिहून घेत होते.